एकट्या बैलाला घेऊन हिंगोलीला

वाशीमच्या बाजारओळीत रहीमभाईंचे दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक छपरी, कोळशाची भट्टी, भाता आणि पुढे बैल आडवा पाडण्यापुरती मऊ मातीची जागा. रहीमभाई नालबंद आहेत. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसतो. थोड्या वेळाने बापूराव येतात. त्यांची शेती गावाला लागूनच आहे, पण बाजारओळीतून चक्कर मारल्याशिवाय त्यांना घरी जेवण गोड लागत नाही. आम्हा तिघांचे बोलणे दोनच गोष्टींवर चालते, बैलांचे भाव आणि जुना इतिहास. मी शाळेत इतिहास शिकवतो म्हणून दुसरा विषय माझा, असे कोणाला वाटेल, पण तसे नाही. दोन्ही विषय तिघांचेही आहेत आणि कोणत्याही विषयात कोणी कोणाचे ऐकून घेत नाही.

एकदा बंजाऱ्यांच्या तांड्यांची गोष्ट निघाली होती. बादशहाच्या फौजेला धान्य पुरवायला हजारो बैल पाठीवर गोण्या घेऊन या मुलखातून दक्षिणेकडे जात, असे मी सांगत होतो. बापूरावांनी मला मध्येच थांबवले.

"मास्तर, त्या वख्ती बैल केवढ्याले मिळे?"

मला सांगता आले नाही. बखरीत हत्ती मोजलेले असतात, घोडे मोजलेले असतात, सरदारांना मिळालेली वस्त्रे मोजलेली असतात. बैलाचा भाव मी तरी कुठे वाचलेला नव्हता. त्यावर रहीमभाईंनी स्वतःच्या अंदाजाने एक भाव सांगितला, बापूरावांनी तो खोडला, आणि दिवे लागेपर्यंत आम्ही त्या न झालेल्या बाजारात सौदे करीत बसलो.

गेल्या पावसाळ्यात घटसर्पाची साथ आली आणि बापूरावांच्या थोरल्या जोडीतला एक बैल गेला. राहिलेला बैल तांबडा, कंधारी जातीचा, कपाळावर किंचित फिकट. बापूरावांनी त्याच्याजवळ तीन निरनिराळे बैल जुंपून पाहिले. एकाच्या जोडीला तो मान खाली घालून उभा राही, दुसऱ्याला ढुसण्या मारी, तिसऱ्याबरोबर चालला तो इतका तिरपा की नांगराचे तास सापाच्या वाटेसारखे झाले. युरोपात लढाई सुरू झाल्यापासून बाजारात कशालाच भाव उरला नव्हता, किंवा भावालाच ताळ उरला नव्हता. तरीही बापूरावांनी ठरवले की हा बैल ज्या मुलखातला, त्याच मुलखात जाऊन त्याला जोड आणायची. म्हणजे मोगलाईत, निजामच्या मुलखात, हिंगोलीच्या बाजारात.

रहीमभाई म्हणाले, मीही येतो. त्यांचे आजोबा हिंगोलीच्या छावणीत घोड्यांना नाल ठोकीत. छावणी उठली तेव्हा त्यांचे वडील वाशीमला आले. रहीमभाईंनी हिंगोली अजून पाहिली नव्हती, आणि आमच्या गप्पांत तर ती रोज येई. मला नाताळची सुट्टी होती. बापूरावांची धाकटी जोडी गाडीला जुंपली, एकटा बैल मागे बांधला आणि आम्ही निघालो.

कनेरगाव नाका

वऱ्हाड आणि मोगलाई यांच्यामध्ये डोंगर नाही, मोठी नदी नाही. एकाच काळ्या शेतातून रस्ता जातो, आणि मध्येच एक नाका लागतो. नाक्याच्या अलीकडची तूर आणि पलीकडची तूर एकाच वाऱ्याने हलत होती. पण नाक्यावरची पाटी उर्दूत होती, ती मला वाचता येईना. रहीमभाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि एवढ्यावरूनच ते आमचे पुढारी झाले.

करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, कारकून तरुण होता, अंगात शेरवानी, आवाज मऊ. त्याने बैलाकडे पाहिले.

"बेचने को ले जा रहे?"

"नहीं साब," रहीमभाई म्हणाले, "जोड़ी ढूँढने को. ये तो हमारे साथ वापस आने वाला है."

कारकुनाला ते पटले असावे. बैल विकलात तर येताना इथे सांगा, एवढे बोलून त्याने मान हलवली. त्याच्या शिपायाला मात्र आमच्या शिदोरीत रस होता. माझ्या पत्नीने भाकऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात बांधून दिल्या होत्या. त्या पत्राला निजामच्या राज्यात बंदी होती. शिपायाने गाठोडे सोडले, भाकऱ्या एकेक करून माझ्या हातात दिल्या, कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि आदबीने म्हणाला, "रोटी ले जाइए." पुढे गाडीत बसल्यावर बापूराव कितीतरी वेळ हसत होते. त्यांच्या मते तो शिपाई चटणीचे तेल लागलेल्या बातम्या रात्री घरी वाचणार होता.

गाडी चालू लागल्यावर मी त्यांना या नाक्याची गोष्ट सांगितली. वऱ्हाड आधी निजामचाच होता. हिंगोलीसारख्या छावण्यांत इंग्रजांच्या हुकमातली जी पलटण होती, तिचा पगार निजामकडे थकला, आणि त्या खर्चासाठी म्हणून वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. त्याला आता जवळजवळ नव्वद वर्षे होत आली.

बापूरावांनी कासरा सैल सोडला. "म्हंजे घोड्याच्या चंदीपाई आपुन इंग्रजाकडे गेलो?"

"घोड्यांच्या दाण्यापायी, पलटणीच्या पगारापायी. तसेच म्हणा."

"अन् माझ्या आजोबाच्या नालापाई," रहीमभाई म्हणाले. ते हसत नव्हते. त्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती कळल्यावर बराच वेळ ते मागच्या रस्त्याकडे पाहत राहिले.

नाक्यापलीकडे आणखी दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे नाणे. आमचा रुपया इथे कलदार म्हणवतो आणि इथला हाली. सहा कलदाराला सात हाली असा साधारण हिशेब. चहाच्या दुकानातसुद्धा डोक्यात गुणाकार करावा लागतो. दुसरी गोष्ट बोली. बापूराव 'मले' म्हणतात, 'तुले' म्हणतात. जसजसे आपण हिंगोलीकडे जातो तसतसे 'मला', 'तुला' ऐकू येऊ लागते. 'का'ला 'काहून' मात्र दोन्हीकडे सारखेच. माणसे वाटेत भेटली की विचारीत, "काहून चाललाव पाव्हणं, एकच बैल घेऊन?" आणि प्रत्येकाला सगळी हकिगत सांगितल्याशिवाय बापूरावांची गाडी पुढे सरकत नसे.

हिंगोली

हिंगोलीत रेल्वे येऊन थांबते, पुढे जात नाही. त्यामुळे स्टेशनाजवळ धान्याची, कापसाची आणि माणसांची एकच दाटी असते. आम्ही धर्मशाळेत उतरलो, जेवलो आणि रहीमभाईंसाठी आधी छावणी पाहायला गेलो.

तिथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. काही बंगले आहेत, त्यांत आता कचेऱ्या आहेत. गोऱ्यांच्या कबरस्तानाची जागा आहे. एका दगडावर मी एका गोऱ्या शिपायाच्या बायकोचे वय वाचले, ती अवघी एकोणीस वर्षांची होती. घोड्यांच्या पागा जिथे होत्या तिथे गवत माजले होते आणि म्हशी चरत होत्या. रहीमभाईंना आजोबांची भट्टी कुठे होती ते कोणी सांगेल असे वाटत होते. आम्ही तिघाचौघांना विचारले. एकाने सांगितले की भट्टी पूर्वेला होती, दुसऱ्याने पश्चिमेला. तिसरा म्हणाला, इथे फक्त घोडे होते, नालबंद हैदराबादहून येत.

शेवटी एका पडक्या भिंतीत आम्हाला लोखंडी कड्या दिसल्या, घोडे बांधायच्या. रहीमभाईंनी एक कडी धरून ओढली, बोटाने तिची जाडी पाहिली, नखाने गंज खरवडला.

"चांगलं काम हाय," ते म्हणाले. "आपल्याच हातचं असेल असं नाही. पण चांगलं हाय."

मी त्यांना म्हणालो की आजोबांचेच असेल असे धरून चालायला काय हरकत आहे. त्यांनी मान हलवली. "नाही मास्तर. खोटं धरून काय करू? त्यांनी इथं आयुष्य काढलं, तेवढं बस." परत फिरताना ते नेहमीपेक्षा हळू चालत होते. शाळेत पोरांना मी छावणीचा धडा दोन तासिकांत उरकतो. यापुढे तितक्या सहज उरकेल असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार. गावाबाहेरच्या मैदानात धुळीचा एक ढगच उतरला होता, आणि त्या ढगाच्या आत शेकडो शिंगे हलत होती. आमच्याकडे बाजारात भाव ओरडून सांगतात. इथे सगळे कुजबुजीत, किंबहुना कुजबुजीविनाच चालते. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. तोंडाने दोघेही पाऊसपाण्याचे बोलत असतात.

मला ही भाषा शिकायची होती. एका हिरव्या रुमालाच्या दलालाला मी विनंती केली. त्याने माझा हात धरला, दोन बोटे दाबली, मग एक. मला गंमत वाटली म्हणून मीही त्याची बोटे तशीच दाबली. त्याबरोबर त्याने रुमाल झटकला आणि मागे म्हैस घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ओरडून सांगितले की म्हैस विकली गेली! म्हातारा दोरी घेऊन माझ्याकडे आला. मी कितीही म्हटले की मी शिकत होतो, तरी म्हैस माझ्या कोटाचे टोक चघळू लागली होती. रहीमभाईंनी दखनीत काहीतरी सांगून, सगळ्यांना एकेक विडी देऊन मला सोडवले. ते काय बोलले हे त्यांनी मला अजून सांगितलेले नाही.

बापूरावांचे काम मात्र होत नव्हते. त्यांनी सकाळभर बैल पाहिले. एकाचे दात झिजलेले, एकाचा खूर चिरलेला, एक चांगला पण उजव्या अंगाचा, आणि आमचाही बैल उजव्याच अंगाचा. जोडीत प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते, ती बदलायला गेले की नवऱ्याने सासरी नांदायला जाण्यासारखे होते. ऊन चढले तसा बापूरावांचा चेहरा उतरत गेला.

तेवढ्यात रहीमभाईंनी माझा खांदा दाबला. बाजाराच्या कडेला, एका लिंबाखाली, एक तांबडा बैल उभा होता. आमच्या बैलाइतकाच उंच, तशीच खांद्याची ठेवण. त्याच्याजवळ एक म्हातारा बसला होता आणि एक चाळिशीची बाई उभी होती, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, कासरा हाताला गुंडाळलेला.

बापूराव पुढे झाले. "राम राम. काय किंमत म्हनता?"

"इकायचा न्हाई," म्हातारा म्हणाला. "ह्याचा जोडीदार गेला भादव्यात. जोड बघायला आणलाय."

बापूराव म्हणाले, "मीबी त्याच्याचसाठी आलो."

बाईने आमच्या बैलाकडे पाहिले. पायापासून शिंगापर्यंत, सावकाश. "तुमचा कोन्या अंगाचा?"

"उजव्या."

"आमचा डाव्या," ती म्हणाली.

यानंतर काय करायचे हे कोणालाच बोलावे लागले नाही. शेजारच्याची रिकामी गाडी मागून घेतली आणि दोन्ही बैल जुंपले. मला वाटले होते की काहीतरी गडबड होईल. गडबड झाली नाही. दोघांनी एकदा एकमेकांचा वास घेतला, खांदे दिले आणि गाडी निघाली. मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन, वळून, परत. माणसे धूळ विसरून पाहू लागली. बापूराव गाडीबरोबर चालत होते आणि त्यांना आपले पागोटे सुटल्याचे भान नव्हते.

हिरव्या रुमालाचा दलाल धावत आला. एवढी जुळलेली जोडी म्हणजे त्याचे दलालीचे काम आपोआप झाल्यासारखेच होते. कोणीतरी कोणाला तरी आपला बैल विकायचा, एवढेच राहिले होते. तिथेच सगळे अडले. बापूराव म्हणाले, तुमचा द्या. बाई म्हणाली, तुमचा द्या. दलालाने रुमाल इकडे धरला, तिकडे धरला, कोणी हात पुढे केला नाही.

म्हाताऱ्याचे नाव सोनाजी. ती त्यांची विधवा सून, गिरजाबाई. शेवटी सोनाजीच म्हणाले, "हितं धुळीत काय ठरतंय? गाव जवळ हाय आमचं, कयाधूच्या काठाला. चला, हुरडा खा. मोटंला जुपून बघू. मंग ज्याचं त्याला बराबर उमगंल."

कयाधूच्या काठी

नर्सी हे तीर्थाचे गाव ज्या नदीकाठी आहे, त्याच नदीच्या वरच्या अंगाला ते गाव आहे. पन्नासेक घरांचे. गिरजाबाईंचे शेत नदीला लागून, त्यात एक विहीर, विहिरीखाली हळद आणि मिरची. हळदीची पाने शेंड्याकडून पिवळी पडू लागली होती, पण अजून पाणी मागत होती. आमच्याकडे सगळे कोरडवाहू. हळद आम्ही फक्त लग्नात आणि भाजीत पाहतो. एवढी रुंद पाने, एवढी दाट, त्यांतून हात फिरवला की येणारा तो कच्चा तिखट वास मला नवाच होता.

गिरजाबाईंनी शेतातच हुरडा भाजला. कणसे गोवऱ्यांच्या आरात खुपसायची, हातावर चोळायची, फुंकर मारायची. सोबत तिळाची चटणी, गूळ आणि ताक. रहीमभाई सवयीने जरा बाजूला बसले होते. सोनाजींनी त्यांच्या हाताला धरून त्यांना आगटीजवळ आणले. "हुरड्याला कसली पंगत?" ते म्हणाले. गावात गेल्यावर त्यांनी असेच केले असते की नाही, मला सांगता येणार नाही. शेतात त्यांनी केले, हे मी पाहिले.

खाताना बोलणे अर्थातच बैलांवर आले, आणि तिथून इतिहासावर. सोनाजींच्या लहानपणी या वाटेने छावणीचे घोडेस्वार जात आणि उभ्या पिकात घोडे घालीत. पोरे झाडावर चढून बघत. "भ्या बी वाटायचं अन् बघू बी वाटायचं," ते म्हणाले. रहीमभाईंनी विचारले, "उन घोड़ों के नाल?" सोनाजी हसले. "नाल का दिसत्यात पोराला? पण आवाज यायचा. दगडावर पाय पडला की घंटी वाजल्यावाणी. दुरून कळायचं, आले म्हनून." रहीमभाई हातातला हुरडा खायचे विसरले. आदल्या दिवशी अख्ख्या छावणीत जे मिळाले नव्हते, ते एका म्हाताऱ्याच्या कानात होते.

जेवणे झाल्यावर मोट जुंपली. धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, बैल खाली चालत जातात तसा नाडा ताणतो, चाक कुरकुरते, कातड्याची भरलेली मोट विहिरीतून वर येते आणि पाणी थारोळ्यात कोसळते. मग बैलांनी मागे सरत वर यायचे. दोघांतला एक जरी पुढे झाला तरी नाडा तिरपा होतो, म्हणून गाडीपेक्षा मोट अवघड. बापूरावांच्या बैलाने जन्मात मोट ओढलेली नव्हती. पहिल्या दोन खेपांना तो मागे सरायला तयार होईना. गिरजाबाईंचा बैल थांबला. नुसता थांबला, ओढाओढ केली नाही. तिसऱ्या खेपेला आमचा बैल त्याच्याबरोबर एक पाऊल मागे आला, मग दुसरे. दहाव्या खेपेपर्यंत दोघे एका बैलासारखे वरखाली होत होते आणि पाणी पाटातून हळदीत शिरले होते.

गिरजाबाई दारे धरीत होत्या, पाटाचे पाणी वाफ्यांत वळवीत होत्या. त्यांनी वर पाहिले सुद्धा नाही, पण पाण्याचा लोट आल्यावर त्यांचे खोरे कसे चालू लागले ते मी पाहिले.

सोनाजी बापूरावांना म्हणाले, "पाटील, तुमी लांबून आलाव. न्या आमचा. मी सुनंला सांगतो."

"मामाजी," गिरजाबाई पाटातूनच म्हणाल्या, "सांगू नका. मी इकनार न्हाई." मग त्या बापूरावांकडे वळल्या. "दादा, तुमच्या गाडीला एक जोडी हाय. माझ्या दावणीला ह्यो एकलाच. भादव्यापासून मी मागून आणलेल्या बैलावर पाणी देऊन राहिले. ह्यो गेला तर ईर हाय अन् पाणी न्हाई, असं होईल. मी रडगाणं गात न्हाई. तुमी बैल द्या, मी किंमत देते."

बापूराव उठून नदीकडे गेले. आम्ही त्यांच्या मागे गेलो.

"दे दो, बापूराव," रहीमभाई म्हणाले.

बापूराव एकदम चिडले. "तुमी कोनाचे? माह्या संगं आले का त्याइच्या? चार गावच्या लोकाइले सांगून निघालो मी, जोड आनतो म्हणून. आता काय रिकाम्या हातानं जाऊ? बैल दिला, जोड नाही आनली, सांगू? त्या बैलाले मी चार वर्साचा असताना आनलं. माह्या हातची भाकर खाते तो."

इतकी वर्षे आम्ही भावांवर भांडत आलो होतो, पण त्यात आमचे स्वतःचे काही जात नव्हते. इथे जात होते. कयाधूचे पाणी पौषात उथळ असते, तळाचे गोटे दिसतात. बापूराव काठावर बसून ते गोटे पाहत राहिले, आणि वरच्या बाजूने मोटेच्या चाकाचा आवाज येत राहिला, एकसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूराव सगळ्यांच्या आधी उठून गोठ्यात गेले होते. आम्ही तोंडे धुऊन येतो तो ते गिरजाबाईंना सांगत होते, "त्याले पानी आधी द्या, वैरन मंग. उलटं केलं तर दोनी नाही खात. डाव्या खुराले लक्ष ठेवा. अन् विजेले भेते तो, तवा जवळ उभं राहा."

अशा रीतीने आम्हाला कळले.

किंमत ठरवायची होती. दलाल नव्हता, रुमाल नव्हता, आणि रुमालाखाली परक्या बाईचा हात धरणे तर शक्यच नव्हते. म्हणून तो सौदा उघड्या तोंडाने झाला.

"साठ कलदार," गिरजाबाई म्हणाल्या.

"सत्तर," बापूराव म्हणाले.

"पासष्ट."

"सत्तर. बैल सत्तरचा हाय."

गिरजाबाईंनी पुन्हा बैलाकडे पाहिले, मान हलवली आणि आत जाऊन पैसे आणले. मला ते कसेसेच वाटले. रहीमभाईंना तर राहवेना. गाडी जुंपताना ते हळूच म्हणाले, "पाच रुपये सोडले असते तर काय बिघडलं असतं?"

"बिघडलं असतं," बापूराव म्हणाले. "कमी घेतले असते तं तिले वाटलं असतं, यानं उपकार केला. मी उपकार नाही केला. बैल इकला. अन् सस्त्या बैलाले मानूस चाराबी सस्ताच टाकते."

त्यात हिशेब होता, आणि त्यापलीकडचेही काही होते.

आमच्या भागातली रीत त्या भागातही आहे. बैल विकला तरी दावे विकत नाहीत. बापूरावांनी बैलाच्या गळ्यातले दावे सोडले, गिरजाबाईंनी लगेच आपले बांधले. मधल्या त्या क्षणात बैल मोकळा होता आणि जागचा हलला नाही. बापूरावांनी दाव्याची वळी करून ती काखेत धरली, सोनाजींना राम राम घातला आणि बैलाकडे न पाहता गाडीत बसले. आम्ही गोरेगावच्या वाटेने निघालो. तिथल्या बाजारात दोन गोऱ्हे पाहावेत असे ते म्हणत होते, पण म्हणण्यात जीव नव्हता.

गाव मागे पडले. गाडी ओढ्याच्या उतरणीला लागली असेल, इतक्यात मागून हाक आली. गिरजाबाई पळत येत होत्या. पायांना चिखल, हातात खोरे तसेच. बापूरावांनी गाडी थांबवली. बैलाला काही झाले की काय, असे आम्हाला वाटले.

"दादा," त्या धापा टाकीत म्हणाल्या, "सगळं सांगितलंत, पण त्याचं नाव न्हाई सांगितलं."

माझ्या तेव्हा लक्षात आले की वाशीम सोडल्यापासून बापूरावांनी त्याला एकदाही नावाने हाक मारलेली नव्हती. 'चल गड्या', 'सर बाबा', एवढेच. बाजारात न्यायच्या जनावराला नावाने हाक मारू नये असे त्यांना वाटत असेल, किंवा नाव आपल्याजवळ ठेवायचे असेल.

"तुमी ठेवा तुमच्या मर्जीनं," ते म्हणाले. "आता तुमचाच हाय."

"न्हाई. जुनंच पायजे. नव्या जागंला आलाय, वळखीचं कायतरी असू द्या त्याला."

बापूरावांनी कासरा गुडघ्यावर ठेवला. पागोट्याचे टोक उगाच खोचले.

"माणिक," ते म्हणाले.

गिरजाबाईंनी ते नाव एकदा हलकेच म्हणून पाहिले, बरोबर आहे ना असे त्यांच्याकडे पाहून विचारले, आणि त्यांनी मान हलवताच त्या माघारी फिरल्या. आमची गाडी ओढ्यात उतरली, पलीकडे चढली. शेतावरून हाक ऐकू येत होती, "माणिक, ए माणिक." बापूरावांनी बैल हाकले नाहीत. ते आपल्या चालीने चालत होते, आणि ती हाक येईनाशी होईपर्यंत बापूरावांनी काखेतली दाव्याची वळी खाली ठेवली नाही.